गर्भपाताची गोळी : कायदा, विवेक आणि रुग्णालयाचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण विश्वस्त मंडळाच्या सूचनेनुसार येथे संपूर्ण देत आहोत.)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपल्यापुढे रुग्णालयाचा जमाखर्च मांडतो. यंदाचा ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचा अहवाल आपल्या हाती आहेच, म्हणून त्यातील आकडे वाचून दाखवण्यात आपला वेळ घेत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रातील अधिकार आमच्याकडे नाही, धर्मशास्त्रातील तर नाहीच. तरीही विश्वस्त मंडळाने एका नाजूक विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग कोठे होतो हे आपल्याला सांगणे आमचे कर्तव्य आहे, आणि हा विषय त्या विनियोगाशीच निगडित आहे.

एका पत्रातील प्रश्न

आपल्या संस्थेचे एक ज्येष्ठ देणगीदार आहेत. त्यांच्या कुटुंबाच्या साहाय्यावर नवजात अर्भक विभागाचा मोठा भार आजवर पेलला गेला. प्रसूती विभागाच्या विस्तारासाठी भरीव रक्कम देण्याची तयारी त्यांनी या वर्षी पत्राने कळवली, आणि त्याच पत्रात एक अट घातली. रुग्णालयाने गर्भपाताच्या गोळ्या देणे बंद करावे, ही ती अट. त्यांनी लिहिले होते की, एका मजल्यावर सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ वाचवण्यासाठी आपण रात्र रात्र जागता आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ही गोळी देता, या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि आम्हाला तो परका वाटला नाही. आपल्या परिचारिकांपैकी काहींनी, एका भूलतज्ज्ञांनी आणि काही विश्वस्तांनीही तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. विश्वस्त मंडळाने तीन बैठका घेऊन त्यावर विचार केला. निर्णय काय झाला ते शेवटी सांगूच. त्याआधी विषयाची पार्श्वभूमी आपल्यापुढे ठेवणे योग्य होईल.

गोळी म्हणजे नेमके काय

आपण ज्याला एक गोळी म्हणतो ती वस्तुतः दोन औषधांची जोडी आहे. पहिले मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य ते थांबवते. दुसरे मिसोप्रोस्टॉल. एक-दोन दिवसांच्या अंतराने घेतल्यावर ते गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणते. पाळी चुकल्यानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ही औषधे योग्य रीतीने घेतली तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक स्त्रियांना शस्त्रक्रियेची, म्हणजे बोलीभाषेत 'पिशवी साफ करण्याची', गरज पडत नाही.

भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधांच्या एकत्रित पाकिटाला २००८ मध्ये नऊ आठवड्यांपर्यंतच्या, म्हणजे ६३ दिवसांपर्यंतच्या गर्भासाठी मान्यता देण्यात आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकण्यास कायद्याने बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या पूरक यादीत घेतली आणि २०१९ मध्ये मुख्य यादीत आणली.

मिसोप्रोस्टॉलचा उपयोग एवढ्यापुरता मर्यादित नाही, याकडे आपले लक्ष वेधतो. ते मुळात जठरातील व्रणासाठी आले. आज बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आणि आपोआप झालेला गर्भपात अपुरा राहिल्यास तो पूर्ण करण्यासाठी ते वापरले जाते. ज्या फळीवरून ते गर्भपातासाठी काढले जाते, त्याच फळीवरून ते नुकत्याच बाळंत झालेल्या मातेचा जीव वाचवण्यासाठीही काढले जाते.

जगातील वाद

या औषधाचा इतिहास आरंभापासून वादाचा आहे. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये त्याला मान्यता मिळाली आणि विरोध इतका तीव्र झाला की, उत्पादक कंपनीने ते थोड्याच दिवसांत बाजारातून मागे घेतले. फ्रेंच शासनाने कंपनीला ते पुन्हा उपलब्ध करून देण्यास भाग पाडले. अमेरिकेत मान्यतेला २००० साल उजाडावे लागले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले, तेव्हापासून राज्याराज्यांतील संघर्षाचा केंद्रबिंदू ही गोळीच झाली. या औषधाच्या मान्यतेविरुद्धचा दावा त्याच न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला. मात्र औषधाची बाजू योग्य की अयोग्य यावर तो निकाल नव्हता. दावा करणाऱ्यांना तसा दावा करण्याचा अधिकार पोहोचत नाही, एवढ्यावरच तो आधारलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून लुइझियाना राज्याने ही दोन्ही औषधे नियंत्रित व धोकादायक पदार्थांच्या यादीत घातली. रक्तस्रावाच्या वेळी हाताशी असावे लागणारे मिसोप्रोस्टॉल कुलूपबंद करावे लागणार, ही तेथील प्रसूतितज्ज्ञांची तक्रार आपल्याकडील डॉक्टरांनाही तत्काळ समजेल.

आयर्लंडची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. बेळगावच्या सविता हलप्पनवार या ३१ वर्षांच्या दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथे मृत्यू पावल्या. सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्यांनी गर्भपाताची मागणी केली होती. गर्भाच्या हृदयाचे ठोके सुरू असल्याने ती नाकारली गेली, आणि जंतुसंसर्गाने त्यांचा अंत झाला. पुढे मे २०१८ मधील सार्वमतात तेथील ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी गर्भपातावरील घटनात्मक बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. २०१९ पासून त्या देशात साधे कुटुंबवैद्यही नऊ आठवड्यांपर्यंत या गोळ्या देऊ शकतात.

आपली परंपरा, आपला कायदा

हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून आला, असे काही जण म्हणतात. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांवर लादले गेलेले गर्भारपण आणि लोकलज्जेपायी होणारी अर्भकांची हत्या त्यांनी जवळून पाहिली होती. पंढरपुरातही त्याच शतकात असे गृह उभे राहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी प्रथम फाशीची आणि नंतर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या प्रकरणावर उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली. या सर्वांची मते एकसारखी नव्हती, आणि फुले दांपत्याचे कार्य तर जन्मलेली मुले वाचवण्याचे होते. परंतु संकटात सापडलेल्या स्त्रीला प्रथम आसरा द्यावा, तिचा न्यायनिवाडा करण्याची घाई करू नये, ही शिकवण त्यांनी आपल्याला दिली.

स्वतंत्र भारतात १९६४ मध्ये महाराष्ट्राचेच मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. या कायद्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे. गर्भपात हा आपल्या देशात मुळात दंडनीय अपराध आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आहे. १९७१ च्या कायद्याने त्याला अपवाद निर्माण केला. नोंदणीकृत आणि पात्र डॉक्टरांनी ठरावीक कारणांसाठी, ठरावीक मुदतीत, मान्यताप्राप्त व्यवस्थेत केलेला गर्भपात अपराध ठरत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत पुरेसे केले आणि विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली. गर्भनिरोधक निष्फळ ठरण्याचे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते, ते सर्व स्त्रियांसाठी खुले झाले. स्त्रीची ओळख उघड करणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला.

सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याला फक्त तिची स्वतःची संमती लागते. पतीची सही, सासूबाईंची परवानगी यांपैकी काहीही कायदा मागत नाही. आमच्या टेबलापुढे मात्र ती सही रोज पुढे केली जाते, आणि ती नको आहे हे आम्हाला रोज समजावून सांगावे लागते.

महाराष्ट्रातील गुंता

आता आपल्या राज्यातील मुख्य अडचणीकडे वळतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्रीय कायदा १९९४ चा. असे असूनही २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ पर्यंत घसरला. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका विवाहितेच्या मृत्यूनंतर तपासात १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. ही आपल्या सर्वांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती, आणि शासनाने कठोर व्हावे हे रास्तच होते.

परंतु ही कठोरता सोनोग्राफी केंद्रांवर थांबली नाही. ती औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचली. तपासण्या, नोंदवह्यांची मागणी आणि कारवाईची धास्ती यांमुळे राज्यातील अनेक केमिस्टांनी या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. चिठ्ठी घेऊन गेलेल्या बाईलाही 'आम्ही ते ठेवत नाही' हेच उत्तर मिळू लागले.

येथे हिशेबाच्या माणसाला एक साधी विसंगती दिसते. गोळ्यांना मान्यता आहे ती नऊ आठवड्यांपर्यंत. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसू लागते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. रक्ताच्या ज्या नव्या चाचण्यांवरून ते लवकर कळू शकते त्याही सहसा सुमारे दहाव्या आठवड्यापासून होतात, आणि त्यांतून लिंग सांगणे हाही गुन्हाच आहे. म्हणजे ज्या मुदतीत ही गोळी कायदेशीर आहे, त्या मुदतीत मुलगा की मुलगी हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. मुदत उलटल्यावरही काही ठिकाणी याच गोळ्या बेकायदा दिल्या जातात, हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण तेथे मूळ गुन्हा लिंग सांगणाऱ्याचा असतो. त्याला पकडण्याची जागा सोनोग्राफीचे यंत्र आणि त्यासोबत भरावयाचा 'एफ' नमुना ही आहे. सातव्या आठवड्यात आलेल्या तीन लेकरांच्या आईला परत पाठवल्याने एकही मुलगी वाचत नाही.

शब्दांनीही घोटाळा केला आहे. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द फलकांवर इतका रुजला की, गर्भपात म्हटला की तो गुन्हाच, असे पुष्कळांना वाटू लागले. गर्भलिंगनिदान हा अपराध आहे, कायद्याच्या चौकटीतील गर्भपात अपराध नाही. हा भेद शिकलेल्या माणसांनाही सांगावा लागतो. मग ऊसतोडीला निघालेल्या, टोळीबरोबर गाव सोडण्यापूर्वी दिवस गेल्याचे लक्षात आलेल्या बाईला तो कोठून कळावा?

दार बंद झाल्यावर काय होते

गोळी दुकानात मिळेनाशी झाल्याने गरज संपत नाही. २०१५ या वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकातील अभ्यासात मांडला गेला. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के गर्भपात रुग्णालयांबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. याचा अर्थ, डॉक्टरांनी द्यावयाची वस्तू बहुतांश स्त्रियांना दुसऱ्याच वाटेने मिळते.

त्या वाटेच्या शेवटी आपला तातडीचा विभाग असतो. कोणाच्या तरी हातून पुडीत बांधून आणलेल्या गोळ्या, किती आठवडे झाले याची तपासणी नाही, कोणती गोळी आधी आणि कोणती नंतर हे सांगणारे कोणी नाही. चार-पाच दिवस अंगावरून जात असताना घरातील कामे उरकत राहिलेली बाई चक्कर येऊन पडते, तेव्हा तिला रिक्षात घालून आणतात. तिचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते. कधी गर्भ नळीत असतो. तेथे या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि दुखणे गोळीचेच असावे असे समजून घरचे थांबतात. वेळेवर एक तपासणी झाली असती तर जे टळले असते, त्यासाठी रक्ताच्या पिशव्या, शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागातील खाट खर्ची पडते. यांतील बहुसंख्य स्त्रिया निर्धन रुग्ण निधीच्या लाभार्थी असतात, म्हणजे तो खर्च आपल्याच देणगीतून होतो. बंदीने खर्च वाचत नाही. तो केवळ एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, आणि जाताना वाढतो. बाईच्या जिवाला लागणारी झळ कोणत्याच खात्यात मांडता येत नाही.

आक्षेपांचा विचार

तरीही केवळ हिशेबाने हा प्रश्न सुटतो असा आमचा दावा नाही. गर्भ हा जीव आहे, त्याचा अंत करणे पाप आहे, ही श्रद्धा आपल्यातील अनेकांची आहे. हिंदू, जैन, ख्रिस्ती, मुस्लिम अशा सर्व परंपरांतून ती कमीअधिक प्रमाणात व्यक्त होते. या श्रद्धेचा आम्ही मनापासून आदर करतो. जी स्त्री आमच्याकडे येते तीही बहुधा याच श्रद्धेत वाढलेली असते, आणि हसतखेळत येत नाही. प्रश्न असा की, आपली श्रद्धा धर्मादाय रुग्णालयाने तिच्यावर तिच्या संकटाच्या घडीला लादावी काय? कायद्याने जो निर्णय तिच्यावर आणि तिच्या डॉक्टरांवर सोपवला आहे, तो देणगीदाराने किंवा प्रशासकाने आपल्या हाती घ्यावा काय? विश्वस्त मंडळाचे उत्तर नकारार्थी आहे.

दुसरा आक्षेप बेजबाबदारीचा. गोळी सहज मिळाली तर लोक संततिनियमनाची काळजी घेणार नाहीत, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच गोळी सल्लामसलतीसह मिळणे अगत्याचे आहे. काळ्या बाजारातून पुडी आणणाऱ्या बाईला तांबीविषयी, गर्भनिरोधक गोळ्यांविषयी, नसबंदीविषयी कोणी सांगत नाही. आपल्या विभागात ते सांगितले जाते, आणि शक्यतो पतीलाही बोलावून सांगितले जाते.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. गोळी जशी स्त्रीला मोकळीक देते, तशी ती तिच्यावर सक्ती करण्याचे साधनही होऊ शकते. नको असलेले मूल तिला नको आहे की घरच्यांना, हे बाहेरून कळत नाही. म्हणून आपल्या समुपदेशक भगिनी प्रत्येक स्त्रीशी एकांतात बोलतात. सोबत आलेल्यांना त्या वेळी बाहेर बसवले जाते. त्यावरून कधी कधी वाद होतात, आणि ते सोसण्याची आपल्या कर्मचाऱ्यांची तयारी आहे.

याच्या उलट बाजूचाही विचार सांगितला पाहिजे. ही औषधे अधिक मोकळी करावीत, प्रशिक्षित परिचारिका आणि आयुष वैद्य यांनाही ती देऊ द्यावीत, असे म्हणणारे जाणकार आहेत. २०१४ च्या दुरुस्तीच्या मसुद्यात तशी सूचना होतीही. २०२१ च्या कायद्यात ती आली नाही. दुर्गम भागात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नाहीत हे पाहता तो विचार दुर्लक्षिण्यासारखा नाही, पण तो ठरवणे संसदेचे काम आहे. आपले काम आज असलेला कायदा दोन्ही बाजूंनी पूर्ण पाळण्याचे आहे. कायदा मनाई करतो ते करायचे नाही, आणि कायदा परवानगी देतो ते भीतीपोटी नाकारायचे नाही.

विश्वस्त मंडळाचा निर्णय

या विचारांती मंडळाने पुढीलप्रमाणे ठरवले आहे. वैद्यकीय गर्भपाताची सेवा, गोळ्यांसह, रुग्णालयात सुरू राहील. गोळ्या आपल्या औषधालयात अधिकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतील, आणि प्रत्येक पाकिटाची साठा नोंदवहीत नोंद होईल. संमतिपत्रे व नोंदवही गोपनीय राहतील. कोणाही स्त्रीला तिच्या विवाहाविषयी अनावश्यक प्रश्न विचारला जाणार नाही, आणि पैशाअभावी कोणी परत जाणार नाही. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत तीळमात्र तडजोड होणार नाही. ज्या डॉक्टरांना किंवा परिचारिकांना या कामात सहभागी होणे सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही, त्यांच्यावर सक्ती केली जाणार नाही. मात्र त्यांनी रुग्णेला त्याच दिवशी सहकाऱ्याकडे सोपवावे, आणि तिच्या जिवाला धोका असेल तर कोणताही भेद न करता उपचार करावेत, एवढी अपेक्षा राहील.

देणगीदारांना आपली रक्कम विशिष्ट विभागासाठी राखून ठेवता येते, आणि त्या रकमेचा स्वतंत्र हिशेब आम्ही ठेवतो. ही सोय पूर्वीप्रमाणेच राहील. परंतु रुग्णालयाने एखादी कायदेशीर सेवा बंद करावी या अटीवर देणगी स्वीकारली जाणार नाही. त्या ज्येष्ठ देणगीदारांना मंडळाने हे आदरपूर्वक कळवले. विस्ताराचे काम त्यामुळे या वर्षी सुरू होऊ शकले नाही, हे आपल्यापासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. प्रसूती विभागात आजही दोन खाटांमध्ये हवे तेवढे अंतर नाही, आणि पुढील वर्षीही ते लगेच होईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही.

ते सद्गृहस्थ आज सभागृहात उपस्थित आहेत. त्यांचे मत बदललेले नाही, आणि नवजात अर्भक विभागाला त्यांचे साहाय्यही थांबलेले नाही. मतभेद असूनही माणसे एका संस्थेत एकत्र राहू शकतात, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला देता येणार नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच की, दोन्ही मजल्यांवर आपण एकाच व्यक्तीची सेवा करतो. सातव्या महिन्यात बाळंत झालेली आई आणि सातव्या आठवड्यात चिंतेने आलेली आई या पुष्कळदा एकच असतात, मध्ये केवळ काही वर्षे गेलेली असतात. पहिल्या वेळी तिने आपल्यावर विश्वास टाकला म्हणूनच दुसऱ्या वेळी ती आपल्याकडे येते, पुडीवाल्याकडे जात नाही. तो विश्वास आपल्या ताळेबंदात दिसत नाही, पण ती आपली सर्वांत मोठी ठेव आहे.

 ज्यांना याविषयी अधिक विचारायचे असेल, आक्षेप नोंदवायचा असेल, त्यांनी कार्यालयात अवश्य यावे किंवा लेखी कळवावे. प्रत्येक पत्र विश्वस्त मंडळापुढे ठेवले जाईल. विस्तार निधीचे आवाहन या अहवालाच्या अखेरच्या पानावर दिले आहे. आपल्या यथाशक्ती साहाय्याची विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.